मटकीवरचा पाथर

मागच्या शुक्रवारी रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याच्या कोपऱ्यात मोड आणायला बांधून ठेवलेल्या मटकीच्या पुरचुंडीवर माझा दगड. चाळणीत फडकं, फडक्यावर ताटली आणि ताटलीवर तो. राखाडी, तळहाताहून थोडा मोठा, चपटा, एका कडेला सुरीने कापावा तसा सरळ तुटलेला. बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात इतकी वर्षं बसून असलेला हा दगड आईने कधी उचलला, मला कळलंही नव्हतं. सकाळी विचारलं तर म्हणाली, "अगं, खलबत्ता ठेवला की ताटली कलते. याचं वजन कसं सारखं पडतं. आणि तिथे नुसता धूळच खात होता." तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मला कसंनुसं झालं आणि ते का, हे तिला सांगता येईना. "आई, तो मिलमचा आहे," एवढंच म्हणाले. "बरं मग?" ती म्हणाली. "घासून घेतलाय मी."

उसळ झाली, खाल्ली, चांगलीच झाली होती. दगड मात्र डोक्यातून उतरला नाही.

मिलम म्हणजे उत्तराखंडात, तिबेटच्या सीमेजवळचं गाव. मी तिथे गेले ते २०१६ च्या सप्टेंबरात. दोन मैत्रिणी, मुनस्यारीचा एक वाटाड्या आणि त्याची दोन खेचरं. मुनस्यारीत सकाळी खिडकी उघडली की समोर पंचाचुलीची पाच शिखरं. स्वर्गाला निघण्याआधी पांडवांनी शेवटचा स्वयंपाक केला त्या या पाच चुली, असं तिथे सांगतात. आम्हाला ते फार आवडलं, कारण पुढचे चार दिवस आमच्या चुलीवर खिचडीखेरीज काही शिजणार नव्हतं. मुनस्यारीहून वाट आधी चढत नाही, उतरते. लिलमपर्यंत गुडघ्यांची परीक्षा घेत खाली गोरी नदीच्या काठाला जायचं आणि मग तिचा हात धरून वर वर. नदीचं नाव गोरी का, ते पाण्याकडे पाहिलं की कळतं. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ मिसळलेलं ते पाणी पातळ ताकासारखं दिसतं आणि त्याचा आवाज इतका की शेजारी चालणाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. वाट कुठे खडकात कोरलेली, डोक्यावर कातळाचं छत, तिथे पाठपिशवी वर घासते म्हणून वाकून चालायचं; कुठे २०१३ च्या पुराने सगळी बाजूच खाली ओढून नेलेली, तिथे दरडीच्या भुसभुशीत मातीवरून एकेकाने श्वास धरून पलीकडे. मधूनच लांबून सुरुंगाचा आवाज यायचा. रस्त्याचं काम चालू होतं. वाटाड्या प्रत्येक आवाजाला थांबायचा, हिशेब केल्यासारखा मान हलवायचा आणि चालू लागायचा. रस्ता झाला की त्याच्या खेचरांचं काय, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बुगडियारपर्यंत सगळं ओलं, हिरवं, जळवांचं. रिलकोट ओलांडलं आणि कुणीतरी पडदा सरकवावा तसं खोरं उघडलं. झाडं संपली. आभाळ अचानक मोठं झालं आणि दुपारी बारानंतर वारा सुटला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. वाटेवर बुर्फू लागलं, बिल्जू लागलं. वाकडी वाट करून मार्तोलीला गेलो, तिथे गावाच्या वरच्या अंगाला नंदादेवीचं मंदिर आहे, घंटांनी लगडलेलं. वाऱ्याने एखादी घंटा आपोआप वाजते, म्हणजे लोलक हलतो आणि टोला मात्र पूर्ण पडत नाही. देवीच्या नावाचं शिखर तिथून इतकं जवळ दिसतं की आपण मोठ्याने बोलतोय याचाच संकोच वाटतो. मार्तोलीत त्या दिवशी आम्हाला तीन माणसं भेटली. घरं किती होती ते मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं.

मिलम मी नकाशात पाहिलेलं. नकाशात ठिपका होता. चौथ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा समोर जवळजवळ शहर निघालं, पडलेलं. एकेकाळी इथे पाचशेच्या आसपास घरं होती असं सांगतात, आणि ते पाहिल्यावर पटतं. कारण भिंतीला भिंत लागून, गल्लीला गल्ली फुटून ते पसरलेलं आहे. साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंची, डोंगराच्या आड हिमनदी, वर हरदेवल आणि तिरशूली ही शिखरं, आणि त्यांच्या पायाशी हा दगडी पसारा. बहुतेक घरांची छपरं आत कोसळलेली. भिंती उभ्या. दारांच्या चौकटी देवदारी, त्यांवर वेलबुट्टी, फुलं, कुठे गणपती, आणि त्या चौकटीतून आत पाहिलं की घराऐवजी सिसूण. सिसूण म्हणजे तिथली खाजरी, नुसती चाटून गेली तरी तासभर हात आगीत घातल्यासारखा. माणूस उठून गेला की ती सगळ्यात आधी येते. आमच्या कोकणातल्या घराच्या परसातही बंद पडल्यावर पहिल्याच पावसात असंच काहीतरी उगवलं होतं, त्याचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही.

मी त्या दुपारी दारांचे ऐंशी फोटो काढले. खरं सांगायचं तर मी आनंदात होते. उतरतं ऊन, करड्या भिंती, काळंभोर लाकूड, मागे बर्फ. पडकं घर फोटोत फार सुरेख येतं. "किती शांत आहे ना," मैत्रीण म्हणाली, आणि आम्ही तिघींनीही मोठ्ठा श्वास घेतला, शहरातली माणसं डोंगरात गेल्यावर घेतात तसा. तेवढ्यात मागून आरोळी आली. "ओ! उधर मत जाओ, पाथर गिरता है!"

ती आमा. आमा म्हणजे आजी. सत्तरीची असेल, काळा घागरा, वर मुलाचं असावं असं नाव छापलेलं क्रिकेटचं जाकीट. पाथर म्हणजे छपराच्या पातळ दगडी फरश्या; कुजक्या वाशांवरून त्या अजूनही अधूनमधून घसरतात. आम्हाला हाकलून तिने आपल्या अंगणात आणलं आणि चहा ठेवला. शहाण्या, शांत, सुरकुतलेल्या हिमालयी आजीची अपेक्षा असेल तर सांगते, आमा तशी नव्हती. पाऊण तास तिने तक्रारी केल्या. मुलगा पत्रे घेऊन देत नाही. खेचरवाले पत्र्याच्या किमतीपेक्षा वाहतुकीचे जास्त मागतात. बटाटा चांगला आलाय, पण मुनस्यारीत भाव नाही. गुडघे गेले. मे-जूनमध्ये वर यायचं, ऑक्टोबरात खाली, हिवाळा हल्द्वानीला मुलाकडे, तिथे टीव्हीवर मालिका असतात, पण त्यांतल्या सुना तिला आवडत नाहीत. मग येता कशाला, असं मैत्रिणीने विचारलं. आमाने तिच्याकडे असं पाहिलं, की बटाटे कोण काढणार? तिने आम्हाला फाफरची, म्हणजे तिथल्या कुट्टूची, जाड, किंचित कडसर भाकरी दिली, बरोबर जंबू घातलेलं बटाट्याचं कालवण. जंबू म्हणजे तिथली रानकांद्यासारखी वाळवलेली पात, तुपात पडली की वास थेट डोळ्यांपर्यंत जातो. मी गुडघेदुखीच्या मलमाची अख्खी ट्यूब तिला दिली. मैत्रिणीने पुन्हा ते शांततेचं वाक्य म्हटलं, या वेळी हिंदीत. आमा म्हणाली, "शांत कहाँ, बेटा. सुनसान है." आणि भांडी घासायला उठली.

दगड मी संध्याकाळी उचलला. एका घराच्या उंबऱ्याशी पाथराचे तुकडे पडले होते, त्यांतला हा एक. कडा सुंदर तुटलेली, अंगात बारीक अभ्रक, उन्हात धरला की चमकायचा. खिशात बसत नव्हता म्हणून टोपीत गुंडाळून पाठपिशवीत घातला. मी एरवी रस्त्यावर कागदाचा कपटा न टाकणारी, किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांशी भांडणारी बाई आहे. पण गावात हजारो पाथर पडले होते आणि ते कुणाचेच नव्हते. असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आमा वाटेपर्यंत आली. त्या घराजवळून जाताना काठीने दाखवून म्हणाली, "ये मेरे जेठ का मकान." मोठ्या दिरांचं. त्यांची मुलं लखनौला, एक फार मोठ्या हुद्द्यावर. कधी येत नाहीत. पण नंदाष्टमीला पैसे पाठवतात. मी तेव्हा पिशवी काढून दगड परत ठेवायला हवा होता. पट्टे आवळलेले होते, खेचरं पुढे गेली होती, आणि मुख्य म्हणजे तिच्यासमोर काढायची लाज वाटली. दगड सातशे-आठशे ग्रॅमचा असेल. चार दिवस तो माझ्या पाठीवर होता आणि प्रत्येक चढाला मला त्याचं नेमकं वजन कळत होतं.

परत आल्यावर मी मिलमबद्दल वाचत सुटले, आणि वाचता वाचता माझ्या फोटोंची मजा जात गेली. कारण ज्याला आम्ही शांतता म्हणून छातीत भरून घेत होतो, ते गाव मुळात बाजार होतं. हे जोहारचे, म्हणजे याच खोऱ्यातले, शौका लोक म्हणजे व्यापारी माणसं. तिबेटातून मीठ, लोकर, टाकणखार; इथून धान्य, गूळ, कापड. आणि हा सगळा माल कुणाच्या पाठीवर, तर शेळ्या-मेंढ्यांच्या. प्रत्येकीच्या दोन बाजूंना करबच नावाच्या पिशव्या, दहा-बारा किलोंचं ओझं, आणि अशा शेकडो. मिलमहून निघालं की ऊंटाधुरा, जयंती आणि कुंगरी-बिंगरी या तीन खिंडी, तिन्ही पाच हजार मीटरच्या वर. मध्ये जनावराला गवताची काडी नाही, म्हणून शक्य तर एकाच दमात पार करायच्या, आणि पलीकडे ग्यानिमाच्या पठारावरची मंडी. तिथून आलेली लोकर खाली बागेश्वरच्या, जौलजीबीच्या जत्रांत उतरायची. पुरुष खिंडींपलीकडे गेले की गाव बायकांचं. अंगणाअंगणात माग, त्यांवर थुलमे, चुटके अशी लोकरी पांघरुणं, गालिचे. मी ज्या गल्लीत एकटी उभी राहून दाराची चौकट नीट बसावी म्हणून अंग तिरकं करत होते, त्या गल्लीत सप्टेंबरात मेंढ्यांमधून वाट काढावी लागत असणार. लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा, खवट लोण्याचा वास असणार. भावांवरून भांडणं, उधारीची याद, कुत्री, पोरं.

वाटाड्याने आम्हाला एक घर दाखवलं होतं. बाकीच्यांसारखंच पडलेलं. "पंडितजी का," म्हणाला. नैनसिंह रावत. १८३० चा जन्म, मिलमच्या शाळेत मास्तर, म्हणून पंडित. तिबेटात युरोपीय माणसाला प्रवेश नव्हता, आणि इंग्रजांना तर नकाशा हवा होता, तेव्हा त्यांनी डेहराडूनला नेऊन या मास्तरांना एकसारख्या मापाचं पाऊल टाकायला शिकवलं. चढ असो, उतार असो, मैलाला दोन हजार पावलं. जपमाळेत एकशे आठऐवजी शंभर मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदांऐवजी नोंदींचे कागद. पारा कवड्यांत लपवलेला; रात्री तो वाटीत ओतून त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब धरायचं आणि अक्षांश काढायचा. उंची मोजायला पाणी किती अंशांना उकळतं ते पाहायचं. १८६६ च्या जानेवारीत तो असाच व्यापाऱ्याच्या वेशात ल्हासाला पोचला. जवळचे पैसे संपले तेव्हा तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरलं. मास्तरकी कुठेही उपयोगी पडते. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं, आणि आपल्या टपाल खात्याने २००४ मध्ये तिकीट काढलं.

यातलं पदक वगैरे मी वाचून विसरले असते. मला धरून ठेवलं ते माळेने. शंभर मणी, मण्याला शंभर पावलं. म्हणजे पूर्ण माळ झाली की दहा हजार. माझ्या मनगटावरचं घड्याळ रोज दहा हजार पावलं झाली की थरथरतं आणि पडद्यावर फटाके उडवतं. मिलमच्या वाटेवर ते रोज दुपारी उडवायचं. त्या पहिल्या सफरीत या माणसाने सुमारे बाराशे मैल मोजले. चोवीस लाख पावलं होतात. पकडला गेला असता तर जीव गेला असता, आणि मोजताना मन भरकटलं तर नकाशा चुकला असता. मी शंभरपर्यंत मोजून पाहिलं, बुर्फूजवळ, सपाट वाटेवर. अठ्ठावन्नाला एक गरुड दिसला आणि गेलं.

मग १९६२.

त्याचं मुळापासूनचं काही मला नवं सांगायचं नाही. एकच गोष्ट अशी वाचली, जी मला आधी माहीत नव्हती. १९५४ च्या एप्रिलमध्ये भारत-चीनमध्ये जो पंचशीलाचा करार झाला, तो मुळात तिबेटच्या व्यापाराचाच करार होता, आणि त्यात व्यापाऱ्यांनी, यात्रेकरूंनी कोणत्या सहा खिंडींतून ये-जा करायची ते नावानिशी लिहिलेलं आहे. कुंगरी-बिंगरी त्यांत आहे. कराराची मुदत आठ वर्षं. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली, नवा झाला नाही, आणि ऑक्टोबरात युद्ध. खिंडी बंद, व्यापार बंद. शाळेत आपण पंचशील म्हणजे पाच तत्त्वं एवढंच पाठ केलं. मिलमच्या लोकांना ती पाच तत्त्वं किती पाठ होती कोण जाणे, पण खिंडीचं नाव आणि मुदत त्यांना नक्की माहीत असणार.

उतरताना मुनस्यारीत आम्ही ज्यांच्या घरी उतरलो, ते निवृत्त शिक्षक. जोहारचेच. आदल्या दिवशी आम्ही डॉ. शेरसिंह पांगती यांनी उभं केलेलं तिथलं छोटं संग्रहालय पाहून आलो होतो. करबच, लाकडी चहाच्या नळ्या, जुन्या वह्या, कातडी पिशव्या. रात्री चुलीशी गुरुजी बोलत बसले. लहानपणी वडिलांबरोबर ग्यानिमापर्यंत गेल्याचं त्यांना आठवत होतं. आठवण म्हणजे एकच, की बर्फाच्या चकाकीने डोळे जाऊ नयेत म्हणून आईने कपाळावरून केस पुढे ओढून बांधले होते. ते म्हणाले, तिकडे प्रत्येकाचा एक 'मित्र' ठरलेला असे. तिबेटी माणूस. त्याने याच्याशीच व्यवहार करायचा, याने त्याच्याशीच. बापानंतर मुलाने, मुलानंतर नातवाने. मैत्री ठरली की एक दगड फोडायचा. अर्धा याच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. उद्या मी आलो नाही, माझा माणूस आला, तर त्याच्या हातातला तुकडा तुझ्या तुकड्याला जुळवून बघ. कडेला कड बसली की माल दे. "काग़ज़ भी होता था," गुरुजी म्हणाले, "पर काग़ज़ भीग जाता है." उधारी तिकडेच राहिली, दगड इकडे राहिले. त्यांच्या घरातला तुकडा कुठे गेला असं मी विचारलं. कुणास ठाऊक, म्हणाले. आईने कशाला तरी वापरला असेल.

माझी पिशवी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती.

मला ठाऊक आहे की माझा दगड तो नव्हे. छपराचा फुटका पाथर आहे, ते सगळे असेच सरळ कडेने फुटतात, तो खडकच तसा. तरी तेव्हापासून त्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं की वाटतं, हिला जुळणारी दुसरी कड कुठेतरी आहे. म्हणजे आहेच. मिलमला, त्या उंबऱ्याशी, सिसूणात.

गुरुजींच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, हे सांगायला हवं. उलट आमच्यासारख्या लोकांच्या चेहऱ्यावर 'अरेरे' दिसलं की ते थोडे चिडत असावेत. १९६७ मध्ये शौकांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. व्यापाऱ्याची पोरं, हिशेबात आणि भाषांत तयार, शिकली भराभर, प्रशासनात गेली, बँकांत गेली, सैन्यात गेली. "हम भागे नहीं, हम निकले," ते म्हणाले. आणि आणखी एक, जे माझ्या लक्षातच आलं नव्हतं: मिलममध्ये बारमाही कुणी कधीच राहत नव्हतं. बर्फ पडायच्या आधी सगळं गाव कुलपं घालून खाली यायचं आणि उन्हाळ्यात वर जायचं, शेकडो वर्षं. घर बंद करून जाणं ही तिथली रीतच होती. आम्ही बंद दारं बघून हळहळत होतो, त्यांत त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. एका वर्षी उन्हाळा आला आणि वर जायला कारण उरलं नाही, इतकंच.

हे ऐकताना मला आमचं कोकणातलं घर आठवत होतं. माझ्या लहानपणी तेही वर्षातून दोनदाच उघडायचं, गणपतीला आणि मे महिन्यात. दार उघडलं की वटवाघळांचा आणि बंद धान्याचा मिळून एक वास यायचा, आई पदर नाकाला लावून आधी देवघराकडे जायची. एरवी दहा महिने ते बंद असायचं आणि त्याचं कुणाला दुःख नव्हतं. मग काका गेले, मूर्ती ठाण्याला बसायला लागली. मागे कुणीतरी त्या घराचा फोटो मोबाईलवर पाठवला. कुठल्याशा अनोळखी भटक्या पोराने काढलेला. भिंतीवर शेवाळ, दाराला वेल, पायरीवर ऊन. खाली शंभरेक बदाम. फोटो खरंच सुंदर होता. मी तो कुणालाही पुढे पाठवला नाही आणि पुसलाही नाही. अंगणातली दगडी डोणी मात्र त्यात दिसत नव्हती. कुणी नेली असेल. चांगली होती, कुणीही नेली असती.

हे सगळं मी या आठवड्यात आईला सांगितलं, तुकड्यातुकड्याने, तिचं निवडणं-टिपणं चालू असताना. डोणीचं तिला माहीत होतं. "तुझ्या काकानेच विकली ती," म्हणाली. आमाचं ऐकून घेतलं. करबच, नैनसिंह, खिंडी यांत तिला फारसा रस दिसला नाही. तिबेटचं मीठ कसं असायचं, खडे की बारीक, एवढं तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. जेठांच्या घराशी आल्यावर मात्र हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे तू तिच्या डोळ्यांदेखत आणलास."

"डोळ्यांदेखत नाही, पिशवीत होता."

"तेच ते." थोडा वेळ गप्प बसली. मग तिनेच तोड काढली. "मलम दिलं होतंस ना तिला? अख्खी ट्यूब? फिटलं मग."

आईच्या हिशेबात बहुतेक गोष्टी फिटतात. माझ्या हिशेबात हा फिटला नाही, म्हणून बुधवारी मी ऑफिसातल्या एका मित्राला गाठलं. तो ऑक्टोबरात मुनस्यारीला चाललाय, रस्ता बराच वर गेलाय म्हणे, गाडी जाईल तिथवर गाडीने आणि पुढे चालत मिलम. चार दिवसांची वाट आता किती तासांची झालीय ते त्याने सांगितलं, मी नीट ऐकलं नाही. दगड नेशील का विचारलं. तो हसला, पण चांगला माणूस आहे. "नेतो की. ठेवू कुठे नेमका?"

रात्री कागद घेऊन बसले. जवानांची चौकी काढली. तिथून गावात शिरणारी वाट. पाण्याची जागा. आमाचं अंगण. त्याच्या पुढे दुसरी गल्ली, की तिसरी? डाव्या हाताला. मग जुनी हार्ड डिस्क शोधून त्या दिवसाचे फोटो उघडले. ऐंशी दारं. एकेक सावकाश पाहत गेले. वेलबुट्टीचं, फुलांचं, गणपतीचं, अर्धं जळालेलं, कडी नसलेलं. प्रत्येकाला मी इतकी जवळ जाऊन टिपलं होतं की शेजारी काय आहे, गल्ली कुठली आहे, कुठल्याच फोटोत दिसत नव्हतं. एकातही आमा नव्हती.

"अगं," आतून आई म्हणाली, "तो दगड नेणार असतील तर आधी सांग हं. परवासाठी वाल भिजत घातलेत."